थिओडोशियाच्या नावचं ताट

कायाक हॉलच्या भिंतीवर पाटी लागली, त्या दिवशी वर्लिना एनोला पहिल्यांदाच वाटलं, की आता आपण इथून जाऊ शकतो.

पाटी निळ्या रंगाची, गोल होती. कारियाकू बेटावरून विलायतेत, हडर्सफील्डच्या गिरण्यांत कामाला आलेल्या कायाक माणसांनी हे पडकं चॅपल विकत घेऊन आपला हॉल केला, असं तिच्यावर लिहिलं होतं. कौन्सिलात नोकरीला लागलेली नेरिसा, आपल्यातल्याच एका घरची नात, शहरभर फिरून आपल्या जुन्या जागा शोधत होती आणि प्रत्येकीवर अशी पाटी लावत होती. शनिवारी संध्याकाळी जिथे नाच चालायचे तो क्लब आता गालिच्यांचं दुकान झाला होता. आपल्या माणसांचे केस नीट कापणारा एकुलता एक न्हावी जिथे होता तिथे फ्लॅट उठले होते. नारळाचा पाव मिळायची ती बेकरी पाडून मोटारी उभ्या करायची जागा केली होती. तिथल्या पाट्या बघायला माणसं रस्त्यातच थबकायची, फोटो काढायची आणि पुढे जायची. पाटी लागली आणि आत चुलीवर सूप उकळतंय, अशी जागा एकच उरली होती.

"आता हॉलला कोण हात लावतंय!" पाटीवरचा पडदा ओढल्यावर वर्लिना म्हणाली. हॉल उभा करणाऱ्या टँटी थिओडोशियाने, म्हणजे सगळ्यांच्या थिओडोशिया मावशीने, मरताना त्याची किल्ली वर्लिनाच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली होती. त्याला तीसेक वर्षं झाली. लग्नं, बारशी, मयतानंतरची जेवणं, सोमवार-गुरुवारचं म्हाताऱ्यांचं सूप, सगळं तेव्हापासून वर्लिनाच्या हातचं. फरशीही तिनेच पुसायची. नवरा गेला, गुडघे गेले, पण सोमवार-गुरुवार कधी चुकले नाहीत.

तिकडे कारियाकूला, विंडवर्ड गावात, समुद्राकडे तोंड करून तिचं घर उभं होतं. इकडून पाठवलेल्या पैशांतून एकेक भिंत चढलेली. धाकटी बहीण ऑर्डेल त्यात एकटी राहायची, आणि ऑर्डेलची नजर आता जवळजवळ गेली होती. "मला अजून तुझा चेहरा थोडा दिसेल. उशीर केलास तर नुसता आवाजच ऐकायचा," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा वर्लिनाने कमिटीला सांगून टाकलं. ईस्टर झाला की मी चालले. तिकीटही काढलं. सतरा तारखेचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सूप थोडं जास्त मागून घेतलं.

मग ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या एका गुरुवारी, जेवण चालू असताना, कॉस्नेल बेथेल उभा राहिला.

कॉस्नेल कमिटीचा अध्यक्ष. उंच, पाठीत वाकलेला, टाय लावल्याशिवाय दाराबाहेर न पडणारा. त्याने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "परवा पहाटे थिओडोशिया आली होती."

सगळे चमचे थांबले.

कारियाकूच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नसतं. मेलेलं माणूस स्वप्नात येतं, जेवायला मागतं, आणि मग गावजेवण घालावंच लागतं. त्याला सराका म्हणतात. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या बोटी फुटल्या, शेळ्या गाभडल्या, पोरं आजारी पडली. साता समुद्रापार येऊन गिरणीत उभं राहिलं म्हणून मेलेल्यांना पत्ता सापडत नाही, असं थोडंच आहे!

"डोक्याला काय होतं तिच्या?" युलालीने विचारलं. युलाली वर्लिनाची मैत्रीण, भांडी घासायची जोडीदारीण, आणि सगळ्या हॉलात जिभेने सर्वांत तिखट.

"पांढरं फडकं."

"आणि पायात?"

"अनवाणी."

"काय म्हणाली?"

कॉस्नेलने वर्लिनाकडे पाहिलं नाही. "म्हणाली, माझ्या लोकांना जेवू घाल. आणि म्हणाली, वर्लिनाच्या हातातला डाव दुसऱ्याच्या हातात जाऊ देऊ नकोस."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. म्हातारा अल्बन काठी टेकत उठला आणि त्याने वर्लिनाचं डोकं आपल्या छातीशी धरलं. "राहिलीस ना गं पोरी! मला ठाऊक होतं, थिओडोशिया तुला सोडायची नाही." बायका डोळे पुसू लागल्या. एकीने तिच्या गालाचा मुका घेतला, दुसरीने तिच्या हातातला डाव काढून तिला खुर्चीवर बसवलं, आणि लगेच म्हणाली, "टँटी वर्ली, पुढच्या गुरुवारी तुरीच्या दाण्यांचं सूप कर हं. कितीतरी दिवसांत केलं नाहीस."

वर्लिना हसली. दुसरं काय करणार? सगळे तिच्यावर माया करत होते, आणि त्या मायेतून श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

शुक्रवारी तिचा दुपारपर्यंत उपास असायचा. पहाटेचं स्तोत्र म्हणून झालं तरी त्या दिवशी मन ठिकाणावर येईना. थिओडोशियाच्या हाताखाली ती वीस वर्षं राबली होती. काही सांगायचं असलं की थिओडोशिया सरळ खांद्याला धरून सांगायची. आणि मेल्यावर कॉस्नेलच्या हाती निरोप धाडते? जिला आयुष्यभर कॉस्नेलचा आवाजही लांबलचक वाटायचा?

तिने डब्यात सूप घेतलं आणि त्याच्याकडे गेली.

कॉस्नेलची बायको मॉड वारल्याला दोन वर्षं झाली होती. घर टापटीप, पण थंड. टीव्ही बंद. समोर एकच खुर्ची.

"कॉस्नेल," ती हळू म्हणाली, "ती खरंच आली होती का?"

त्याने डबा घेऊन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आधी शब्द दे. मी जे सांगेन ते कुणालाही सांगणार नाहीस."

वर्लिनाने शब्द दिला. लहानपणापासून तिची ही खोडच. समोरच्याचा चेहरा पडला की आधी हो म्हणायचं, मग ऐकायचं. आणि एकदा दिलेला शब्द तिच्या लेखी बायबलवर हात ठेवून घेतलेल्या शपथेइतका.

"नाही आली," कॉस्नेल म्हणाला. "रोज झोपताना वाट बघतो. मॉडची बघतो, थिओडोशियाची बघतो. कुणीच येत नाही माझ्याकडे."

"मग का रे?"

"त्या पाट्या लागल्या ना, नेरिसाबरोबर मी सगळीकडे फिरलो. क्लबात मी मॉडला पहिल्यांदा नाचायला विचारलं. त्या न्हाव्याकडे माझ्या पोरांचे पहिले केस कापले. बेकरीतून शनिवारी पाव आणायचो. सगळीकडे भिंती आणि पाट्या. तू गेलीस की हॉल वर्षभर चालेल, दीड वर्ष चालेल. मग कुलूप. आणि कुलुपावर ती निळी पाटी." त्याने हात पसरून खोली दाखवली. "मग मी सकाळी दहा वाजता टाय लावून जायचं कुठे?"

"दुसरं कुणीतरी करेल. युलाली आहे."

"युलाली माणसं पळवून लावेल."

यावर वर्लिनाला हसू आलं. तोही हसला, आणि मग तसाच रडू लागला.

"सगळ्यांना खरं सांग," ती म्हणाली.

"मेलेल्याच्या नावाने खोटं बोललो हे सांगू? मग माझ्या शेजारी बसून कोण सूप पिईल? खुर्ची उचलून नेतील लोक." त्याने तिचा हात घट्ट धरला. "तू शब्द दिलायस."

इकडे आड, तिकडे विहीर. वर्लिना त्याच्या त्या एकुलत्या खुर्चीसमोर उभी राहिली. हात सोडवून घेतला. मग एक गोष्ट सुचली, आणि सुचली तशी तिला देवानेच ती दिली असं वाटलं.

"ठीक आहे. सराका करू. पण तिच्या नावचं ताट या वेळी मी मांडणार नाही. तू मांडायचं."

कॉस्नेलचा चेहरा राखेसारखा झाला.

सराक्यात सगळ्यांच्या आधी मेलेल्यांचं ताट मांडतात. पांढरं फडकं अंथरून, बिनमिठाचं अन्न वाढून. आणि जो ते मांडतो त्याने मेलेल्याला नावाने हाक मारून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने बोलायचं असतं. विंडवर्डला त्या ताटापुढे भावाभावांनी जमिनीचे तंटे मिटवलेले वर्लिनाने लहानपणी पाहिले होते. मचव्यातला चोर कोण, ते चोराने स्वतः त्या ताटापुढे कबूल केलेलं तिने ऐकलं होतं. त्या ताटापुढे कुणी खोटं बोललेलं मात्र आजवर ऐकलं नव्हतं.

"मांडशील ना?"

"मांडेन," तो म्हणाला.

ती घरी येईपर्यंत फोन वाजायला लागला होता. बातमी तिच्या आधी समुद्र ओलांडून गेली होती.

"थिओडोशियाने तुला ठेवून घेतलं म्हणे," ऑर्डेल म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, म्हणून वर्लिनाला जास्त भीती वाटली.

"कोण म्हणालं?"

"अख्खं गाव म्हणतंय. हे बघ ताई, तू येऊ नकोस. मेलेल्यांच्या मनाविरुद्ध पाऊल टाकून माझ्या घरात येऊ नकोस. माझे डोळे गेले, तेवढं पुरे."

"ऑर्डेल, अगं ते तसं नाहीये..."

"मग कसं आहे?"

वर्लिनाने कॉस्नेलला शब्द दिला होता. फोनच्या त्या टोकाला समुद्र ऐकू येत होता, किंवा नुसतीच खरखर असेल.

"कसं आहे, बोल ना!"

"सराका होऊ दे," ती कशीबशी म्हणाली. "मग बोलू."

नंतरचे आठवडे तिने अडकित्त्यात धरलेल्या सुपारीसारखे काढले. वाण्याकडे गेली तरी माणसं सांगायची, राहताय ते फार बरं झालं. नेरिसाने येऊन मिठी मारली. म्हणाली, शाळेच्या मुलांना घेऊन येईन टँटी, पाटी दाखवीन आणि मग आत तुम्हाला दाखवीन. वर्लिना हो म्हणाली. सगळ्यांना हो म्हणत राहिली. बॅग मात्र उघडीच होती पलंगाखाली.

एक दिवस भांडी घासता घासता युलाली म्हणाली, "एवढं तोंड पाडून फिरतेस. तूही स्वप्न बघ ना एक!"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या उठून सांग, थिओडोशिया माझ्याकडेही आली. म्हणाली, पोरी, खूप राबलीस, घरी जा. कोण तिला फोन लावून विचारणार आहे?"

"ती आली नाही ना गं माझ्याकडे."

"कॉस्नेलकडे तरी आली असेल कशावरून? तिला तो फुटक्या ढोलासारखा वाटायचा. जिवंतपणी त्याला टाळायची, मेल्यावर पहाटे भेटायला जाईल?"

वर्लिनाच्या हातातलं पातेलं निसटून पाण्यात पडलं. युलालीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला काहीतरी ठाऊक आहे."

"मला भांडी घासायची ठाऊक आहेत. ते झाकण दे."

खोटं बोललं तर सुटका होती. खरं बोललं तरी सुटका होती. पण एकीकडे देव उभा होता आणि दुसरीकडे तिचाच शब्द. ती रोज पहाटे उठून स्तोत्र म्हणायची आणि सराक्याच्या रविवारची वाट बघायची. कॉस्नेल ताटापुढे उभा राहील. खरं बोलेल. त्याचं तोंड, त्याचाच निर्णय. तिने त्याला सांभाळून घ्यायचंही ठरवून ठेवलं होतं. कुणी काही बोललं तर आपण उठून त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, म्हणजे खुर्ची उचलायला कुणी धजणार नाही.

ईस्टरनंतरचा रविवार उजाडला. शेजारच्यांची तक्रार नको म्हणून ढोल आता दुपारीच वाजवायचे. वर्लिनाने आदल्या दिवसापासून शिजवलं होतं. मक्याच्या पिठाचं कुकू घोटून त्याचे गोळे वळले, भाताचे गोळे वळले, तुरीचे दाणे, बोकडाचा रस्सा, भाजलेली मासळी. मेलेल्यांपुरतं वेगळं, बिनमिठाचं, लहान पातेल्यात. हॉल माणसांनी भरला होता. लीड्सहूनही लोक आले होते. तीन ढोलकरी मांडीत ढोल घेऊन बसले होते, पण ताट मांडून झाल्याशिवाय थाप पडत नाही. कुणी खातही नाही. पोरं भुकेने कुरकुरत होती आणि आया त्यांना दटावत होत्या.

कॉस्नेल पुढे आला. काळा कोट, पांढरा टाय. हातात ताट. ते त्याने उंबऱ्याजवळच्या टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. शेजारी पाण्याचा पेला, रमचा पेला. पाणी उंबऱ्यावर शिंपडलं. रमचे चार थेंब शिंपडले.

"थिओडोशिया," त्याने हाक मारली.

"थिओडोशिया, मी कॉस्नेल."

तो थांबला. इतका वेळ थांबला की मागच्या रांगेतलं एक पोर म्हणालं, "झालं का?" आणि त्याला चापट बसली. कॉस्नेलने मान वळवून वर्लिनाकडे पाहिलं. तिने हलकेच मान हलवली. बोल.

त्याची नजर तिच्यावरून पुढे सरकली. खुर्च्यांवर, अल्बनवर, पोरांवर, खिडकीतल्या उन्हावर. मग तो ताटाकडे वळला.

"तू आलीस, तू मागितलंस, तुझ्या लोकांनी तुला दिलं," तो म्हणाला. आवाज आता स्वच्छ होता. "आणि तू सांगितलंस तसंच होईल. वर्लिना इथेच राहील. आता सुखाने जेव."

"आमेन!" लोक म्हणाले. ढोलकऱ्याने हात उचलला.

वर्लिनाला आधी राग आला नाही. आधी आली ती भीती, आणि तीही त्याच्यासाठी. जो माणूस त्या ताटापुढे खोटं बोलू शकतो, त्याला मेलेल्यांपेक्षा त्या एका खुर्चीच्या खोलीचं भय मोठं आहे. इतकं मोठं असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने आपलं काम त्याच्यावर सोपवलं होतं. आपल्याला जायचंय हे आपण नाही, कॉस्नेलने सांगावं. नाहीतर थिओडोशियाने सांगावं. नाहीतर ऑर्डेलने ये म्हणावं. आजवर तिने स्वतःच्या तोंडाने एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. इथे या हॉलात नाही, आणि बाहेरही नाही.

"थांब जरा," ती ढोलकऱ्याला म्हणाली.

तिचा आवाज कधीच मोठा नव्हता. पण त्याचा हात तसाच राहिला.

गुडघ्यांवर हात टेकत ती उठली, टेबलाशी गेली. पाण्याचा पेला घेतला, थोडं पाणी उंबऱ्यावर शिंपडलं.

"टँटी थिओडोशिया, मी वर्लिना. मी सतराला घरी जातेय."

कुणीतरी श्वास आत ओढला.

"तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. तू माझ्याकडे आली नाहीस. राग आला असेल तर माझ्यावर काढ. या हॉलवर काढू नकोस, या लेकरांवर काढू नकोस, आणि कॉस्नेलवर काढू नकोस. उत्तर द्यायचं झालं तर मी देईन. तुझ्याकडेच यायचंय मला, आज ना उद्या."

पेला तिने जागेवर ठेवला.

"वर्लिना!" अल्बनचा आवाज फाटला. "तिने मागितलंय तुला! मेलेल्या बाईच्या तोंडावर नाही म्हणतेस?"

"हो अल्बन."

"काही झालं म्हणजे मग?"

"म्हणजे माझ्यामुळे झालं असं म्हण."

कॉस्नेल टेबलाला धरून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. वर्लिनाला वाटलं, बोलेल, आता तरी बोलेल. तो बोलला नाही. तिनेही त्याच्याकडे बोट दाखवलं नाही.

शेवटी युलालीच ओरडली, "आता काय थिओडोशिया जेवेपर्यंत असंच उभं राहायचं का? पोरं मेली भुकेने! ए, वाजव रे!"

ढोल वाजू लागला, पण बिचकत, अडखळत. वर्लिना नेहमीच्या जागी, मोठ्या पातेल्यामागे जाऊन उभी राहिली. रांग लागली. पण तिच्यासमोर नाही, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, युलालीसमोर. त्याच पातेल्यांतलं अन्न, तिनेच शिजवलेलं, पण तिच्या हातून घ्यायचं नव्हतं. जिने त्या गुरुवारी गालाचा मुका घेतला होता ती ताट छातीशी धरून नजर चुकवून पुढे गेली. नेरिसा मधेच घुटमळली, आजीने तिचं कोपर ओढलं.

युलाली मोठ्याने वाढत होती आणि हळूच बोलत होती. "मूर्ख आहेस तू. ऑर्डेल दार तरी उघडेल का?"

"नाही उघडलं तर पायरीवर बसेन. बसून बसून किती बसवेल मला! तिला पाणी भरून कोण देतंय?"

"आणि इथलं?"

"तुझ्याकडे आहे की डाव."

"मी माणसं पळवून लावते म्हणतात."

"आज तर तुझ्याकडेच रांग आहे."

युलाली हसली नाही. तिने नाक ओढलं आणि पुढच्या माणसावर खेकसली, "अरे, ताट सरळ धर!"

रांग संपत आली तेव्हा कॉस्नेल उठला. त्याच्याभोवतीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. लोक त्याची पाठ थोपटत होते, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणत होते. तो युलालीकडे गेला नाही. सगळ्यांच्या देखत हॉल ओलांडून वर्लिनासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने ताट पुढे केलं.

तिने कुकूचा गोळा ठेवला. दाणे घातले. रस्सा वाढला.

"सांगितलं असतंस तर सुटली असतीस," तो इतकं हळू म्हणाला, की ढोलाखाली ते जवळजवळ विरून गेलं.

"शब्द दिला होता."

"आता मी यांना काय सांगू?"

"ते मला विचारू नकोस रे," ती म्हणाली. राग आता येत होता, उशिरा, थकल्यासारखा. "तुझं तू बघ. मी काही वाईट बोलणार नाही तुझ्याबद्दल. पण चांगलंही बोलायला इथे नसेन."

तो ताट धरून तसाच उभा. रस्सा काठाला आला होता.

"सोमवारी येशील?" त्याने विचारलं.

"सोमवारी येईन. गुरुवारीही येईन. त्यानंतर नाही."

त्याने मान हलवली. परत आपल्या खुर्चीकडे जायच्या ऐवजी तो तिथेच, तिच्या टोकाशी, टेबलाला टेकून उभ्याउभ्या जेवू लागला. वर्लिनाने त्याच्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि रिकामं पातेलं उचलून मोरीकडे नेलं.